मैत्रीण गाव सोडून निघाली की: म्हापशातला निरोपाचा भाजी-पाव

आमच्या सहा जणींपैकी तिघी आता म्हापशात नाहीत. थिवीची २०१५ साली डोंबिवलीला लेकीकडे गेली, नागव्याची २०१९ मध्ये बेळगावला, आणि गेल्या वर्षी हळदोण्याची नवऱ्यापाठोपाठ इंग्लंडात, स्विंडनला. गोव्याच्या बार्देस तालुक्यातल्या मराठी शाळांत आम्ही सगळ्यांनी उभी नोकरी केली, आणि एकमेकींना अजून गावावरूनच ओळखतो. मी आसगावची. तीन निरोप देऊन झाले. पहिला घाईत गेला, दुसरा पुरता चुकला, तिसरा मात्र मनासारखा झाला. बार्देसात आज घरटी कोणी ना कोणी निघालेलं आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, त्या वाटेने कितीतरी माणसं लिस्बन गाठतात, आणि २०२० संपेपर्यंत लंडन, स्विंडनही गाठत होती. तेव्हा ही वेळ तुमच्यावरही येईल. आम्हाला जे तीन खेपांनी कळलं ते तुम्हाला पहिल्याच खेपेला जमावं, म्हणून सविस्तर लिहिते.

निरोप सकाळी द्या, रात्री नको. नागव्याचीच्या वेळी आम्ही रात्रीचं जेवण ठरवलं. मोठं हॉटेल, वरच्या मजल्यावरचा हॉल, बुफे. शाळेतले लोक आले, घरचे आले, माईक आला, बुके आले. प्रत्येकजण ताट घेऊन रांगेत उभा. ती एका टोकाला फोटोत, आम्ही दुसऱ्या टोकाला. मी घरी पोचल्यावर तिला फोन केला तर ती म्हणाली, “आपण बोललोच नाही गो.” ते वाक्य मला अजून टोचतं. रात्रीच्या जेवणाला माणूस दिवसभराचा थकवा घेऊन येतो आणि मनाने लगेच परत घरी पोचलेला असतो. सकाळी सातला आलेला माणूस पूर्ण आलेला असतो. शिवाय सकाळच्या नाश्त्याला कोणाला समारंभ करावासा वाटत नाही, आणि निरोपाला समारंभाचं रूप आलं की निघणारीला दिवसभर हसत उभं राहावं लागतं.

जागा नवी शोधू नका. जिथे तुम्ही वर्षानुवर्षं बसलात तिथेच बसा. आमचं हॉटेल म्हापशाच्या मार्केटामागच्या गल्लीत आहे, पोर्तुगीज असतानापासूनचं. आता तिसरी पिढी गल्ल्यावर बसते. त्या गल्ल्याच्या काचेखाली आजोबांच्या काळातल्या एस्कुदोच्या, म्हणजे पोर्तुगीज चलनाच्या, दोन नोटा आहेत, कडा पिवळ्या पडलेल्या. टेबलांना संगमरवरी फळ्या, त्यातल्या आतल्या टेबलाचा एक कोपरा फुटलेला. त्या कोपऱ्यावर हळदोण्याची नेहमी आपली छत्री अडकवायची. ‘गोमन्तक’चा अंक तिथे पानापानाने फिरतो, एकाकडे पहिलं पान तर दुसऱ्याकडे खेळाचं. १९६२ साली हे दैनिक निघालं तेव्हापासून त्या हॉटेलात येतं, असं म्हातारे पात्रांव, म्हणजे मालक, अभिमानाने सांगायचे. आम्ही १९९४ पासून, पगार झाल्यावरच्या पहिल्या शनिवारी, शाळा भरायच्या आधी तिथे जमत आलो. अशा ठिकाणी निरोप दिला की निघणारीला आठवण वेगळी करून न्यावी लागत नाही, ती आधीच त्या टेबलात मुरलेली असते. तुमच्या गावी असं हॉटेल असेल तर पंखा आवाज करतो, मोरीजवळ ओल असते, म्हणून ते टाळू नका.

दिवस ठरवताना शुक्रवार सोडा. म्हापसा या नावाचाच अर्थ माप भरण्याशी, बाजाराशी जोडतात, आणि शुक्रवारी त्याची खात्री पटते. हरमलची मिरची, मोयड्याची केळी, सुकी सुंगटं, मडकी, झाडाची रोपं, सगळं बार्देस-पेडणं त्या दिवशी तिथे उतरतं. विकायला आलेल्या बायकांची पहाटेपासूनची भूक आपल्या गप्पांपेक्षा मोठी, त्यांनी बसावं आणि आपण उठावं हेच बरोबर. बोडगेश्वराच्या जत्रेचे दिवस आणि मिलाग्रीस सायबिणीचं फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, हेही टाळा. चवथीत तर हॉटेल बंदच असतं. आम्ही बुधवार धरला. त्या दिवशी आतलं टेबल साडेआठपर्यंत कोणी मागत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट: निघण्याच्या दिवशी हा नाश्ता ठेवू नका. थिवीचीच्या वेळी आम्ही तेच केलं. मांडवी एक्सप्रेस सकाळची, तिचं स्टेशन थिवीच, म्हणून आम्हाला वाटलं की आधी खाऊ आणि मग सगळ्या मिळून सोडायला जाऊ. पण टेबलाशेजारी बॅगा, बाहेर रिक्षा थांबलेली, तिचा नवरा दर पाच मिनिटांनी घड्याळ दाखवतोय. तिने पाव हातात धरून ठेवला आणि तसाच ताटात ठेवून उठली. हळदोण्याचीच्या वेळी म्हणून आम्ही तीन दिवस आधीचा बुधवार घेतला. २०२३ च्या जानेवारीपासून मोपाचा विमानतळ चालू झाल्यामुळे म्हापशाहून जाणं सोपं झालंय. त्यामुळे लोकांना वाटतं, सकाळी खाऊन दुपारी विमान धरता येईल. धरता येतं. पण त्या दिवशी माणसाचं लक्ष पासपोर्टाच्या पिशवीत असतं.

आदल्या दिवशी गल्ल्यावर सांगून ठेवा. अशा हॉटेलांत टेबल राखून ठेवायची पद्धत नसते, फोनवर तर मुळीच नाही. स्वतः जायचं, एक चहा घ्यायचा आणि जाताजाता सांगायचं की उद्या सातला चौघी येतोय, आमची हळदोण्याची चालली. एवढं पुरतं. दुसऱ्या दिवशी आतलं टेबल पुसून ठेवलेलं असतं. माणसं जास्तीत जास्त सहा. सातवी आली की बोलण्याचे दोन तुकडे होतात, आणि नेमकी निघणारी त्या दोन तुकड्यांच्या मध्ये अडकते. घरच्यांना वेगळा दिवस द्या.

सातलाच का, तर पावासाठी. पोदेर, म्हणजे पाववाला, सहाच्या सुमाराला पहिली टोपली देऊन जातो. उंडा, म्हणजे आपला गोल पाव, तेव्हा बाहेरून कडक आणि आत इतका मऊ असतो की फोडल्यावर वाफ दिसते. नऊनंतर तोच पाव चिवट होतो. पातळ भाजीचं उलटं आहे. ती पाचला शिजून तयार असते, आणि सातपर्यंत तिच्यातले पांढरे वाटाणे रस पिऊन घेतात. म्हणजे पाव ताजा आणि भाजी मुरलेली, या दोन्ही गोष्टी एकत्र मिळण्याची वेळ सात ते आठ. उंडा सुरीने कापू नका आणि त्याला कापून मागू नका. अंगठे मधोमध खुपसून दोन करायचा, वरचं कवच पातळ भाजीत बुडवायचं आणि आतल्या मऊ भागाने सुकी भाजी उचलायची. हळदोण्याची आधी सगळी कवचं खाऊन टाकायची आणि मऊ भाग शेवटी राखायची. एकतीस वर्षांत तिने हा क्रम मोडला नाही.

मागवण्याचाही क्रम असतो. पहिल्यांदा प्रत्येकीला पातळ आणि सुकी मिळून भाजी-पाव, आणि मध्ये एकच प्लेट मिरची भजी. भजी सगळ्यांमध्ये एक असली की हात एकमेकांच्या बाजूला जातात, कोणी कोणाला अर्धी मोडून देतं. बन्स नंतर. पिकल्या केळ्याचे ते गोडसर बन्स भाजीच्या आधी आले तर भाजीचा तिखटपणा बोथट होतो. आणि चहा सगळ्यात शेवटी, तोही एकदम सगळ्यांना नाही. चहा संपला की वाढणारा टेबल पुसायला येतो. त्याची काही चूक नाही, बाहेर माणसं उभी असतात. म्हणून आधी दोघींनी चहा घ्यायचा, पंधरा मिनिटांनी दुसऱ्या दोघींनी. एवढ्याने आम्हाला पाऊण तास जास्त मिळाला. गर्दी वाढली तर मात्र आपण होऊन उठा. निरोप आपला असतो, दुकान त्यांचं.

फोन पिशवीत. थिवीचीने डोंबिवलीहून व्हिडिओ कॉल करायचं ठरवलं होतं, तिला आम्ही पावणेआठची वेळ दिली, खाऊन झाल्यावरची. फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवला. तिने तिकडे आपल्या स्वयंपाकघरात चहा घेतला, इकडे आम्ही. दहा मिनिटांत तो बंद केला. फोटो काढायचे तर उठताना एकच काढा, वाढणाऱ्याकडून काढून घ्या, म्हणजे कोणी बाहेर राहत नाही.

आता बोलण्याबद्दल, कारण सगळं त्यासाठीच आहे. भाषण करू नका, कोणाला करू देऊ नका. पण घरून निघताना मनाशी ठरवून या की हिला आपण काय सांगायचं राहिलंय. प्रत्येकीचं काहीतरी असतंच. माझं होतं. माझी आई इस्पितळात होती तेव्हा हळदोण्याचीने नऊ रात्री तिच्या उशाशी काढल्या होत्या, सकाळी तिथूनच शाळेत जायची. तेव्हा मी तिला धड काही बोलले नव्हते. नंतर विषय मागे पडला, आणि मग इतका जुना झाला की काढायला संकोच वाटू लागला. चौदा वर्षं झाली होती.

असली गोष्ट शेवटी, उठताना, गळ्यात पडून सांगू नका. तेव्हा दोघींचे डोळे भरलेले असतात आणि शब्द कोणालाच ऐकू येत नाहीत. हात कामात असताना सांगा. मी मिरची भजी मोडत होते. तिखट बी बाहेर काढून कडेला ठेवत होते, कारण तिला बी चालत नाही. नजर भजीवरच ठेवून मी म्हटलं, “त्या नऊ रात्री मी कधी विसरले नाही. आई शेवटपर्यंत तुझं नाव घ्यायची.” ती काही बोलली नाही. तिने पावाचं कवच पातळ भाजीत बुडवलं, बराच वेळ बुडवून ठेवलं, इतकं की ते मऊ होऊन तुटलं आणि वाटीत पडलं. तिने ते बोटांनी उचललं. मग माझ्या ताटाकडे बघून म्हणाली, “पाव थंड जाता गो, आदीं खा.” मी खाल्ला. शिवोलीचीने तेवढ्यात दुसरी भजी मागवली. मला जे सांगायचं होतं ते पोचलं, आणि तिला उत्तर द्यावं लागलं नाही.

बिलाचं आधी ठरवा. आमच्यात नेहमी आपापलं द्यायची रीत आहे. निरोपाच्या दिवशी सगळ्यांना वाटतं की निघणारीला खिशात हात घालू द्यायचा नाही. हे मला पटत नाही. तिने काहीच दिलं नाही तर ती त्या टेबलावर पाहुणी होते. आम्ही खाण्याचे पैसे दिले आणि चहाचे तिला देऊ दिले. वाढणाऱ्या बाबाने आतूनच हाक देऊन दोन हिशोब वेगळे सांगितले. तिने चहाचे पैसे सुटे मोजून काचेवर, एस्कुदोच्या नोटांच्या वरच ठेवले. पात्रांवनी घेतले. अशा वेळी पैसे नाकारू नयेत हे त्यांना कळलं, याचं मला बरं वाटलं. वाढणाऱ्याला मात्र तुम्ही वेगळं काही द्या, आणि कोण चाललंय ते सांगून द्या. त्यानेही तिला तीस वर्षं वाढलेलं असतं.

भेट काय द्यायची? वजनदार काही नको. परदेशी निघालेल्याची बॅग किलोकिलोने मोजलेली असते. समई, फोटोफ्रेम, साडी यांतलं निम्मं शेवटी भावाच्या घरी माळ्यावर राहतं. खाण्याचं द्यायचं तर आधी चौकशी करा. ब्रिटनमध्ये आपल्याकडून जाताना मांस आणि दूधदुभत्याचे पदार्थ सामानात नेऊ देत नाहीत, म्हणजे चोरीस (आपले गोव्याचे मांसाचे सॉसेज) बाद, पेढे बाद, तूपही बाद. सुकं खोबरं विमानाच्या चेक-इन बॅगेत चालत नाही, त्यात तेल असल्याने ते पेट घेणाऱ्या मालात धरतात. आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, बाटली कितीही घट्ट बांधा, गळतेच, त्यापेक्षा आमसुलं द्या. आल्याचं खाजे चालतं, टिकतं आणि जत्रेचा वास बरोबर नेतं. आम्ही खाजे, आमसुलं आणि हरमलच्या सुक्या मिरच्या दिल्या. पण खरी भेट चौथी होती, ती म्हणजे पातळ भाजीचा मसाला आणि कृती. हॉटेलवाले आपली कृती सांगत नाहीत, विचारूही नये. ही माझ्या घरची, त्या चवीच्या जवळ जाणारी. शाळेच्या दुरेघी वहीच्या पानावर मी ती लिहून दिली, इथेही देते.

एक वाटी पांढरे वाटाणे रात्रभर भिजवा. सकाळी हळद-मीठ घालून मऊ शिजवा, पण साल सुटू देऊ नका. दोन बटाट्यांच्या मोठ्या फोडी वेगळ्या उकडा. मसाल्याला एक मोठा चमचा धणे, पाच सुक्या मिरच्या, सहा मिरी, तीन लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी. थेंबभर तेलावर मंद भाजा, धण्यांचा वास सुटला की काढा. निघणारीला द्यायचा असेल तर इथेच थांबा, गार करून कोरडा दळा आणि हवा लागणार नाही असा बांधा. खोबरं त्यात घालू नका, नाहीतर खवट होईल. खोबरं तिकडे गेल्यावर, दुकानात मिळणारा कोरडा कीस असला तरी चालेल, एक वाटीभर चॉकलेटी होईपर्यंत भाजायचं, त्यात उभा चिरलेला भाजका कांदा, चिंचेचा लहान गोळा आणि हा मसाला घालून गंधासारखं वाटायचं. तेलात मोहरी, कढीपत्ता, बारीक कांदा, मग वाटप, मग वाटाणे आणि बटाटे, मग पाणी, आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त. खडीसाखरेएवढा गुळाचा खडा. मूठभर वाटाणे पळीने चेचून परत घातले की रसाला अंग येतं. उकळल्यावर लगेच खाऊ नका. दोन तास झाकून ठेवा आणि परत गरम करा. हॉटेलच्या चवीचं निम्मं कारण या दोन तासांत आहे.

तिकडे उंडा मिळणार नाही. जो कडक कवचाचा पाव मिळेल तो घ्या आणि ओव्हनमध्ये ठेवताना वरून पाण्याचा हात फिरवा, असं शेवटी लिहिलं.

दही घरून न्या. प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दही घालायचं ते उंबऱ्यावर, घरचे घालतीलच. पण मैत्रिणींच्याही हातचं पडावं असं मला वाटत होतं. लहान डब्यात दही-साखर नेली, आणि गल्ल्यावर आधी विचारलं, कारण बाहेरचं आणू नये अशी पाटी भिंतीवर आहे. पात्रांव म्हणाले, दह्याला कसली पाटी. कळंगुटचीने आमच्यात वयाने मोठी म्हणून ते घातलं. हळदोण्याचीने तळहात चाटून स्वच्छ केला, लहान मुलीसारखा.

हॉटेलच्या दारातच पांगा. बसस्टँडपर्यंत सोडायला जाऊ नका, पुन्हा थांबू नका, कुठे दुसरीकडे आइस्क्रीम खायला जाऊ नका. “जाते” कोणी म्हणायचं नाही, हे तर आपल्याकडे सांगायलाच नको. ती कदंबच्या बसच्या दिशेने वळली, छत्री त्या फुटक्या कोपऱ्यावरून काढायला विसरली नाही, आणि “येतां हां” म्हणाली. आम्हीही तेच म्हणालो.

आणि पुढच्या महिन्याचा शनिवार चुकवू नका. तिघीच असलात तरी त्याच टेबलावर बसा. आम्ही गेलो तेव्हा वाढणाऱ्या बाबाने न विचारता चार पाण्याचे पेले आणून ठेवले, मग एक उचलू लागला. कळंगुटची म्हणाली, असू दे. तिथून स्विंडनला फोन लावला तर तिकडे पहाट होती. हळदोण्याचीने वाटाणे रात्रीच भिजत घातले होते, आणि चिंच किती घालायची ते तिला विचारायचं होतं.